भिंतीबाहेरचे दोन प्रेक्षक

माझ्या बाबांना मी एकदा भर सामन्यात मैदानाबाहेर हाकललं होतं. सगळ्या पनवेलला ठाऊक आहे, तेव्हा लपवण्यात काही अर्थ नाही. त्यांच्यासोबत चाचांनाही हाकललं. चाचा म्हणजे बाबांचे जिवलग दोस्त. बरीच वर्षं आखातात काढून परत आलेले आणि बाजारात हार्डवेअरचं दुकान टाकून बसलेले. बाबा उरणला बंदरावर कामाला. ते चाचांना ‘शेठ’ म्हणायचे आणि चाचा त्यांना ‘नाखवा’. दोघांना वेड एकच, फुटबॉलचं.

दर हिवाळ्यात आमच्याकडे गल्ल्यांच्या टीमची टुर्नामेंट व्हायची. धुळीचं मैदान, फक्कीच्या रेघा, एका अंगाला कोळीवाडा आणि दुसऱ्या अंगाला मोहल्ला. ताशे, पिपाण्या, तेलाचे रिकामे डबे, जे हाताला लागेल ते वाजायचं. रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. खेळाडूही काही कमी नव्हते. वारा लागला तरी लोळायचे आणि लोळता लोळता एक डोळा किलकिला करून रेफ्री बघतोय ना, याची खात्री करायचे. बाबा आणि चाचा मात्र कुठल्याच अंगाला नसायचे. कॉर्नरच्या झेंड्यापाशी चाचांच्या एकाच छत्रीत उभे राहून दोघं आपापल्या टीमसाठी बोंबलायचे. कुणी काही म्हणो, तो गोंगाट मला अजून हवाहवासा वाटतो.

एका फायनलला मोहल्ल्याचा फॉरवर्ड आमच्या गोलसमोर पडला आणि पेनल्टी मिळाली. बाबा म्हणाले, सोंग करतोय. चाचा म्हणाले, “नाही नाखवा, लागलंय त्याला.” गोल झाला, कोळीवाडा हरला आणि बाबा चारचौघांत बोलून गेले, “शेवटी तू तिकडचाच.”

चाचांनी छत्री मिटली आणि ते घरी गेले.

त्यानंतर ईदचा शीरखुर्मा येईना. नारळी पुनवेला आई नारळीभाताचा डबा भरायची आणि बाबा म्हणायचे, “ऱ्हाऊ दे.” दोघांचा जीव एकमेकांत अडकलेला, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण माफी मागायची सोडून बाबा रविवारचे पंख्याकडे बघत पडून राहायचे. मला असा राग यायचा. चाचांचं ते गडगडाटी हसू नाही म्हणून आमचं घर अळणी झालं होतं आणि ह्या गृहस्थाला दोन शब्द जड झाले होते. ते दोघं परत एका छत्रीत दिसावेत, एवढंच मला हवं होतं.

त्याच सुमाराला आमच्या कॉलेजात रग्बी आलं. सरांनी कबड्डीच्या टीममधल्या मुली उचलल्या. पकडी करायची सवय होतीच. चाचांची मुलगी वाऱ्यासारखी पळायची, तिलाही घेतलं. बापांचा अबोला होता, आमचा नव्हता. आवाज मोठा म्हणून मी कॅप्टन झाले. सरांनी चेंडू हातात देण्याआधी रीत शिकवली. रेफ्रीशी बोलायचं ते फक्त कॅप्टननं, तेही ‘सर’ म्हणून. आपले प्रेक्षक चुकले तर जबाबदारी आपली. समोरची किक मारत असेल तेव्हा सगळ्यांनी गप्प. सामना संपला की दोन रांगा करून एकमेकींसाठी टाळ्या वाजवायच्या आणि यजमानांनी पाहुण्या टीमला जेवू घालायचं. आम्ही खो खो हसलो. ज्यांनी आपल्याला आपटायचं त्यांनाच वर जेवण?

नवीन पनवेलच्या मैदानावर आमचा पहिला घरचा सामना ठरला. जेवण घरोघरून यायचं होतं. बाबा कोळंबीभाताचं पातेलं घेऊन आले, चाचा बिर्याणीचा डेग घेऊन आले, आणि दोघं रेषेच्या दोन टोकांना उभे राहिले. मी मनात म्हटलं, घ्या, इथंही तेच.

सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. चाचांची मुलगी चेंडू घेऊन सुटली आणि समोरच्या टीममधल्या एका धिप्पाड मुलीनं तिला कमरेत धरून धाडकन पाडलं. नियमात बसणारी, स्वच्छ पकड होती. पण बाबा रेषा ओलांडून आत. “डोले फुटले काय रं तुजे? आमच्या पोरीला आडवी केली आन् शिट्टी नाय?” दुसऱ्या टोकाकडून चाचाही धावत आले आणि बाबांच्या जोडीनं रेफ्रीला आंधळा ठरवू लागले. आमची ‘पोर’ तोवर उठून पुढे पळालीसुद्धा होती.

रेफ्रीनं खेळ थांबवून मला बोलावलं. “कॅप्टन, हे दोघं तुमचे?”

“हो सर.”

“त्यांना कंपाउंडच्या बाहेर न्या. मग खेळू.”

मी गेले. “बाबा, चाचा, बाहेर व्हा. दोघंही.” माझा आवाज ऐकून दोघं मुकाट निघाले.

बाहेर काय झालं ते बाबांनीच नंतर शंभरदा सांगितलं. भिंत उंच. बाबा उंच होते, टाचा वर केल्या की त्यांना आतलं दिसायचं. चाचा बुटके. दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे. आत आरडाओरडा झाला तशी चाचांना राहवेना. भिंतीलाच विचारल्यासारखं म्हणाले, “काय चाललंय?”

“सगल्या एकमेकींच्या अंगावर पडल्यात. तुजी पोर खाली हाय.”

“आणि तुझी?”

“तिच्या वर.”

चाचांनी आखातात गोऱ्यांना हा खेळ खेळताना लांबून पाहिलं होतं म्हणे. त्यांनी ठासून सांगितलं की जी जास्त वेळ खाली राहते तिला पॉइंट. बाबांनी ते शेवटपर्यंत खरं मानलं. मग जरा वेळानं बाबा म्हणाले, “शेठ, त्या दिशी त्या पोराला खरंच लागलेलं.”

“माहीत आहे. तू आत बघ.”

आम्ही हरलो. टाळ्या झाल्या, जेवण झालं. पकड करणारी ती धिप्पाड मुलगी पुन्हा भात मागायला आली तेव्हा बाबा डाव वर धरून मला विचारत होते, “हिनंच पाडली ना? आन् हिलाच वाढू?” चाचा गडगडाटी हसले. मी तोंड धुवायच्या निमित्तानं नळाकडे जाऊन रडून घेतलं.

पुढच्या सामन्यापासून दोघं मैदानात आलेच नाहीत. छत्री घेऊन थेट भिंतीबाहेर उभे राहायचे. “आमी हितंच बरे,” बाबा म्हणायचे. तिथून कितीही ओरडा, कुणी हाकलत नव्हतं.

बाबा गेले. चाचा मुलाकडे करंजाड्याला राहायला गेले. मी आता कॉलेजातल्या मुलींना रग्बी शिकवते. बाबांनंतरच्या पहिल्या सामन्याला पोचले तेव्हा भिंतीबाहेर छत्री दिसली. चाचा एकटेच उभे होते. मी हात धरला. “चाचा, शिक्षा संपली. आत चला, खुर्ची ठेवलीय.”

“दोघांना एकदम बाहेर काढलंस ना बेटा? मग मी एकटा कसा आत येऊ?”

आत शिट्टी झाली. मी छत्रीत शिरून त्यांच्या शेजारी उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “काय चाललंय?” उंची मला बाबांची मिळाली आहे. मी टाचा वर केल्या आणि सांगायला लागले.