चेसिसला बांधलंय ना?

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. धाकट्या भावाला नाही, फॅक्टरीतल्या सोबत्यांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही काही आमच्या घरी चहाला येणार नाही, म्हणून धीर होत असेल — असू दे तसंच.

आधी ज्योत्स्नाबद्दल सांगतो. माझी बायको. मुद्दा टाळतोय असं तुम्हाला वाटेल, आणि ते थोडं खरंही आहे. पण तिला ओळखल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

मी जबलपूरच्या एका डिफेन्स फॅक्टरीतून निवृत्त झालो. ज्योत्स्ना तिथेच महाराजपूरला रोपांची नर्सरी चालवते. पन्नाशीच्या तोंडाशी ती गाडी शिकली आणि वर्षभरात एक जुनी, चारही चाकांनी ओढणारी पिकअप दारात आणून उभी केली. म्हणे आसपासच्या गावांना, पाटणला, सिहोऱ्याला रोपं पोचवायची आहेत. गुलाबाच्या रोपांना एवढी दणकट गाडी लागते का हो? मी विचारलं, तर हसली नुसती.

मग तिला रविवारची मंडळी भेटली. नदीच्या पात्रातून, दगडगोट्यांवरून हौसेनं गाड्या चालवणारी माणसं. त्यांचे म्होरके बग्गाजी, टायरचा धंदा असलेले, आवाजानं आणि देहानं भारदस्त. ते सगळ्यांदेखत म्हणायचे की मॅडमची लाइन सगळ्यांत साफ. लाइन म्हणजे कोणतं चाक कोणत्या दगडावर ठेवायचं, याचा मनात आधी आखलेला रस्ता. ज्योत्स्ना गाडीतून उतरून तो सगळा रस्ता पायी चालून यायची. वांगी निवडावीत तसे दगड बघायची, एखाद्याला पायानं ढकलून बघायची, मग ओढणी कमरेला खोचून स्टिअरिंगवर बसायची. आणि मी? मी शेजारी, वरचं हँडल धरून, मनातल्या मनात रामरक्षा. तिच्याकडे बघत राहावंसं वाटायचं आणि डोळे मिटून घ्यावेसेही वाटायचे. मला भीती वाटायची — हेही आत्ताच सांगून टाकतो, पुढे लागेल.

तर रॉक स्लायडर. दरवाजांच्या खाली, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे, दोन्ही बाजूंना बसवायचा जाड लोखंडी पाइप. दगड आडवा आला की गाडी त्या पाइपवर टेकते, घासत सरकते आणि दरवाजे वाचतात. बाहेरून मागवायचे तर फार महाग. म्हणून ज्योत्स्ना म्हणाली, इथेच कोणाकडून तरी स्वस्तात करून घ्या. "तुम्ही फॅक्टरीचे आहात, तुम्हाला लोखंडातलं कळते. मला फक्त एक पाहिजे, चेसिसला, गाडीच्या खालच्या सांगाड्याला बांधलेलं पाहिजे. बॉडीच्या पत्र्याला नको."

फॅक्टरीचे! आमच्या इथल्या मराठी घरांतून हा एक समज आहे — फॅक्टरीत होता म्हटलं की त्याला लोखंडातलं सगळं कळतं. कुकरचं हँडल असो, फाटकाची बिजागरी असो, फॅक्टरीवाल्यांना दाखवा. मी जन्मभर पेंटच्या तपासणीत होतो. रंग सारखा बसला का, ओघळ आलाय का, नखानं निघतो का, एवढंच माझं ज्ञान. रंगाखाली काय आहे ते बघणारी माणसं वेगळी. हे मी घरी कधी सांगितलं का? कशाला सांगेन? मान कोणाला नको असतो?

अधारतालच्या पुढे एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. तिथे दोन प्रकारचे स्लायडर होते. एक बोजड, काळा रंग कसातरी फासलेला, चेसिसला बसणारा. त्याचे जोड गाडीच्या मापानं करावे लागणार, म्हणून चार-सहा दिवस थांबा म्हणाला. दुसरा दरवाजाखालच्या पत्र्यालाच बोल्टनं बसणारा, स्वस्त, तासाभरात तयार. आणि त्याचा रंग — काय सांगू! मखमली काळा, एक ओघळ नाही, कोपऱ्यातसुद्धा सारखा. मी नख लावून बघितलं. दुकानदारानं विचारलं, कौनसा लगाएँ साहब, आप तो फॅक्टरी के हो. मी त्या रंगाकडे बोट दाखवलं.

चेसिस मी विसरलो होतो का? नाही. चांगलं आठवत होतं. पण चार-सहा दिवस थांबायचं, दुकानदाराला चार प्रश्न विचारायचे, आणि त्यातला एक जरी उलटा पडला तर आपल्याला काही कळत नाही हे उघडं पडायचं — त्यापेक्षा हे बरं वाटलं. तिनं तिच्या गाडीचं पहिल्यांदाच काहीतरी माझ्यावर सोपवलं होतं. मला त्याच दिवशी मिरवत घरी जायचं होतं.

घरी आलो. ती हात पुसत बाहेर आली, पाइपवरून हात फिरवला, खूश झाली. मग विचारलं, "चेसिसला बांधलंय ना?"

"हो," मी म्हणालो.

वाकून बघितलं असतं तर तिला दिसलं असतं. तिनं बघितलं नाही. माझ्या शब्दानंतर कशाला बघेल ती?

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग रविवारच्या आधी सांगू म्हटलं. आपण सगळेच असं म्हणतो ना? पण रविवारी ती मंडळींना सांगत होती, आमचे स्लायडर ह्यांनी स्वतः पास केलेत. त्यानंतर कसलं सांगणं.

हिरन नदीच्या पात्रात, पाटणकडच्या बाजूला, म्हशीएवढा एक दगड होता. बग्गाजींची गाडी त्याला वळसा घालून गेली. ज्योत्स्ना उतरली, चालून आली, बसली आणि मला म्हणाली, "मी आता हिला डाव्या स्लायडरवर टेकवून राहिली. थोडं घासेल, घाबरू नका."

इथे थांबतो जरा.

कारण इथेच बोलायचं होतं. काचा उघड्या होत्या, मंडळी दोन्ही बाजूंना उभी राहून बघत होती. टेकवू नको, ते पत्र्याला बांधलंय — एवढंच. तोंड उघडलंसुद्धा होतं मी. पण बग्गाजी ऐकतील, सगळे ऐकतील... टिकेल कदाचित, असं वाटलं होतं म्हणू का? नाही, तसं काही वाटलं नव्हतं. मी हँडल धरलं आणि गप्प बसलो.

तिनं गाडी अगदी अलगद टेकवली. पाइप पत्र्यासकट दुमडला. गाडी डावीकडे कलली, दोन्ही दरवाजे दगडावर चेपले आणि माझा खांदा खिडकीच्या चौकटीवर आपटला. हाड मोडलं. फार मोठं काही नाही, पण ज्योत्स्नाचा चेहरा मी विसरू शकत नाही. ती एकच म्हणत होती, माझी लाइन चुकली, माझी लाइन चुकली.

बग्गाजींनी वाकून खाली बघितलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, भाईसाहब, ये तो बॉडी पे लगा था? ज्योत्स्ना दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी जरा मोठ्यानं कण्हलो. ती धावत आली, आणि बग्गाजी बाजूला झाले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तिला माहीत असेल, असंच त्यांना वाटलं असणार.

पुढचं मी जास्त हुशारीनं केलं. हात गळ्यात बांधलेला असताना गाडीचं काम करून घ्यायला मीच गेलो, आणि ते मोडके पाइप तिच्या नजरेला पडायच्या आत भंगारात देऊन आलो.

ज्योत्स्ना पुन्हा नदीत गेली नाही. मंडळींचे फोन यायचे, ती म्हणायची गुडघे दुखतात. तिचे गुडघे ठणठणीत आहेत. हळूहळू सिहोऱ्याची रोपंसुद्धा भाड्याच्या गाडीनं जाऊ लागली. आणि मला — लिहायला हात धजत नाही — मला बरं वाटलं. रविवारी सकाळी घरात पोहे होऊ लागले. भीती गेली. बायको समोर बसलेली, पेपर वाचणारी, सुखरूप. एका शब्दानं मी तिला तिची गाडी परत देऊ शकत होतो, आणि मी पोह्यांवर लिंबू पिळत होतो.

गेल्या महिन्यात तिनं पिकअप विकली. घ्यायला आलेल्या माणसानं ठोकून सरळ केलेले डावे दरवाजे बघून विचारलं, हे कसं झालं. ज्योत्स्नानं सरळ सांगितलं, मेरी गलती से हुआ था भैया, पत्थर पर बिठा दी थी. मी शेजारीच उभा होतो. त्या माणसाला आमच्या गल्लीतून गाडी मागे काढता येईना. तेव्हा तिनं बाहेर उभं राहून नुसत्या हाताच्या खुणांनी काढून दिली. दोन्ही भिंतींना बोटभर जागा, कुठे ओरखडा नाही. तो म्हणाला, दीदी, आप ही चला लेतीं. ती म्हणाली, नहीं, अब नहीं होता.

गाडी वळणाआड गेली तरी ती रस्त्याकडे बघत उभी होती. मग माझ्याकडे वळली. डोळे भरले होते, पण हसत होती.

"मी तुमचं हाड मोडलं," ती म्हणाली, "अन् तुम्ही मला आजवर एका शब्दानं टोचून बोलला नाही. दुसरा कोणी असता तर जन्मभर ऐकवलं असतं. काहून इतके चांगले आहात तुम्ही?"

चांगला माणूस स्तुती ऐकून मान खाली घालतो, तशी मी मान खाली घातली. तिनं माझ्या त्या खांद्यावरून हात फिरवला आणि चहा ठेवायला आत गेली.