न वितळलेल्या वड्या

माझ्या बाळांनो,

थोरलीने शाळेच्या प्रकल्पासाठी माझ्या चॉकलेटच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो मागितला, त्याला तीन आठवडे झाले. विषय आहे जगातला कोको: त्याची वाढती मागणी, तुटणारी जंगलं आणि ती न तोडता कोको कसा पिकवायचा. आपली आजी तसलंच चॉकलेट करते, असं तिने वर्गात सांगूनही टाकलं आहे. मी आधी चष्मा सापडत नाही म्हणाले, मग फोन बिघडला म्हणाले. दोन्ही खरं नव्हतं. माझा चष्मा कधी हरवत नाही, हे तुमच्या बाबाला विचारा. म्हणून आता सगळं लिहूनच काढते. इंग्रजी मी जन्मभर शिकवलं, पण ही गोष्ट ज्या दोघींमध्ये घडली त्या एकमेकींशी मराठीतच बोलायच्या. बाबा वाचून दाखवेल. अडेल तिथे त्याला थांबवा.

त्या दोघींपैकी एक मी. दुसरी तुमची नागपूरवाली आजी, जिच्या मांडीवर बसून तुम्ही इथल्या गणपतीत आरत्या ऐकल्या आहेत. आमचे यजमान केंद्र सरकारच्या एकाच खात्यात होते. तीन वर्षांच्या बदलीवर चंदीगडला आलो आणि दोन्ही घरं इथलीच होऊन गेली. मी तिला वहिनी म्हणायची, ती मला वहिनी म्हणायची. आजूबाजूच्या पंजाबी बायका हसायच्या, की तुम्हा दोघींचा नक्की भाऊ कोण.

चॉकलेटचं खूळ तिचं. दिवाळीला सेक्टर बावीसच्या दुकानांतून मिठाईऐवजी चॉकलेटचे डबे दिसू लागले, तेव्हा तिने एक डबा आणला, वडी तोंडात टाकली आणि म्हणाली, "बाप्पा, ही तर गोड मेणबत्ती आहे. आपण याच्यापेक्षा बरं करू." मग आम्ही शिकलो. चॉकलेट नुसतं वितळवून साच्यात ओतलं, तर ते मऊ राहतं आणि वर पांढुरके डाग येतात. वितळवलेलं चॉकलेट संगमरवरावर पसरून, उलथन्याने सारखं करत ठरावीक उष्णतेपर्यंत निववावं लागतं. तेव्हाच वडी चकचकीत होते आणि मोडताना कट्‌कन आवाज करते. संगमरवर म्हणजे वहिनीचा पोळपाट. तिच्या आईने लग्नात दिलेला, इतका जड की नागपूरहून येताना हमालाने त्याबद्दल वेगळी कुरकुर केली होती. थंडीच्या दिवसांत सकाळी माझ्या ओट्यावर तो मांडायचा, मी थर्मामीटर धरायची आणि ती उलथनं चालवायची. मी आकडा सांगितला की ती म्हणायची, "हो बाई, परीक्षा सुरू झाली."

लेबलं माझी. दर डब्यावर मी हाताने लिहायची: कोको, कोको बटर, साखर, दुसरं काही नाही. शेजारी कोकोच्या पुडक्यावर असायचं तसं हिरवं पान काढायची. हा कोको जंगल न तोडता पिकवला आहे, पोरांना कामाला न लावता पिकवला आहे, असा त्या पानाचा अर्थ मी प्रत्येकाला समजावून सांगायची. इथल्या मराठी मंडळातल्या बायका, डॉक्टरीणबाई, विद्यापीठातले लोक विश्वासाने घ्यायचे. मला त्या पानाचा अभिमान होता.

दर जूनमध्ये बाबाचे सहकारी सुट्टीहून सिंगापूरला परतताना तुमच्यासाठी एक डबा नेत. इथल्या उन्हाळ्यात दिल्ली विमानतळ येईपर्यंतच वड्यांचा रबडा होई. तुम्ही तो चमच्याने खायचात आणि त्याला आजीचं सूप म्हणायचात. मला वाईट वाटायचं, तुम्हाला मजा वाटायची.

मग आफ्रिकेतलं पीक गेलं. जगातला बहुतेक कोको तिथे पश्चिमेकडच्या दोन-चार देशांत होतो. पाऊस नको तेव्हा पडला, हवा तेव्हा पडला नाही, म्हाताऱ्या झाडांवर रोग पडला. खाणारे मात्र वाढतच होते. कोकोचा भाव इतका चढला की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला. वहिनी म्हणाली, डब्याची किंमत वाढवू, नाहीतर वड्या लहान करू. मी दोन्हीला नाही म्हणाले. लोकांना आपण शब्द दिला आहे, असं काहीतरी बोलले. तिने उलथनं धुवायला घेतलं. मला वाटलं, पटलं.

त्याच सुमारास ती मुलाकडे, शहराबाहेर झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. वितळवणं, ओतणं तिथे तिच्याकडे आणि डबे भरणं, लेबलं लिहिणं माझ्याकडे, अशी वाटणी झाली. त्या रस्त्यावरच्या गर्दीत रोज कोण जाणार? सामान हलवलं त्या दिवशी मी पोळपाट जुन्या चादरीत गुंडाळून तिच्यासमोर ठेवला. तिने तो परत माझ्या ओट्यावर सरकवला. म्हणाली, "राहू द्या तुमच्यापाशीच. मला आता लागत नाही." आईची वस्तू तिने माझ्या घरात ठेवली, याने मला भरून आलं. त्या दिवशी मी दिवसभर त्याच्याकडे पाहत होते.

मागच्या जूनमध्ये डबा तुमच्याकडे पोचला. फोनवर धाकटा रुसलेला. "आजी, धिस टाइम नो सूप." थोरलीने डबा कॅमेऱ्यासमोर धरला. चोवीसच्या चोवीस वड्या, कडा धारदार, वरची नक्षी जशीच्या तशी. बाबा म्हणाला, आई, पॅकिंग मस्त जमलं आहे या वेळी.

पॅकिंग मी बदललं नव्हतं.

फोन ठेवला आणि फ्रीजमधली एक वडी तळहातावर घेऊन बसले. खऱ्या चॉकलेटला हाताची ऊब पुरते, कारण कोकोच्या बियांतून निघणारं बटर तेवढ्यावर सुटतं. ही वडी बसून राहिली. बाजारात याला कंपाउंड म्हणतात: कोको बटर काढून टाकायचं आणि स्वस्त पामतेलाचा घट्ट गोळा घालायचा. त्याला निववावं लागत नाही. त्याला थर्मामीटर लागत नाही. त्याला संगमरवर लागत नाही. ओट्यावरच्या पोळपाटाकडे माझं लक्ष गेलं आणि तिचं ते वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच झिरकपूरला गेले. तिने दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि चहा टाकायला वळली. ओट्याखाली कंपाउंडच्या लाद्यांचं खोकं होतं, झाकलेलंसुद्धा नव्हतं. मी विचारलं, किती दिवस. तिने सांगितलं, इथे आल्यापासून. म्हणजे एक गणपती, एक दिवाळी, आणि माझ्या अक्षरातली शेकडो लेबलं.

मी म्हणाले, "मला एकदा सांगायचं तरी."

"सांगितलं होतं. भाव वाढवू म्हटलं, तुम्ही नाही म्हटलं. वड्या लहान करू म्हटलं, तरी नाही. तुम्हाला सगळं जसंच्या तसं पाहिजे, वहिनी. ते कसं होऊन राहिलं, हे पाहायला तुम्ही एकदाही आल्या नाहीत."

"मी माझ्या हाताने लिहीत होते. दुसरं काही नाही, असं लिहीत होते."

"मग?" ती कप पुसत म्हणाली. "आणि तुमचं ते पान? ते खरं आहे म्हणता? विचारलं कधी कोणाला?"

चहा न घेता मी परत आले. परतीच्या बसमध्ये तिच्यापेक्षा त्या पानाचाच राग येत होता, कारण मी खरोखरच कधी विचारलं नव्हतं. घरी येऊन कोकोच्या जुन्या, उरलेल्या पुडक्यावरच्या पत्त्यावर इंग्रजीत व्यवस्थित पत्र लिहिलं. उत्तर सभ्य आलं. असं कळलं की पान असलेला आणि नसलेला कोको वाटेत एकत्र होतो, जसं दहा घरांचं दूध एका कॅनमध्ये ओतावं. कंपनीने एकंदरीत जेवढा चांगला कोको विकत घेतला, तेवढ्या मालावर पान लावता येतं. या पुडक्यात त्याचा एक दाणा तरी आहे का, हे कोणी सांगू शकत नाही. हे सारं नियमात बसतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलंही होतं. सगळ्यांना लेबल वाचायला लावणाऱ्या बाईने ते वाचलं नव्हतं.

म्हणजे जंगल वाचवल्याची खूण मी पामतेलाच्या, ज्याच्यासाठीही जंगलंच तुटतात त्या तेलाच्या डब्यांवर काढत होते, आणि त्याआधी वहिनी खरं चॉकलेट करत होती तेव्हाही त्या खुणेचा अर्थ मी सांगत होते तो नव्हता. या दोन गोष्टी सारख्या नाहीत. त्या पानाबद्दल मला स्वतःची लाज वाटते. पोळपाटाबद्दल अजून दुखतं. तिने तेल घातलं हे मी कदाचित विसरेन. मला आता लागत नाही, हे ती प्रेमाने म्हणते आहे असं मला वाटू दिलं, हे विसरता येत नाही.

मंडळातल्या प्रत्येक घरी मी स्वतः जाऊन सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आम्हाला तर आवडलं होतं हो. ते ऐकणं सर्वांत जड गेलं. वहिनी गणपतीला आली, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसली. माझी नजर तिने चुकवली नाही, मी चुकवली. कोकोचा भाव त्यानंतर पुष्कळ उतरला असं वाचते. कंपाउंडचे डबे दुकानांत तसेच आहेत. लोकांची जीभ सरावली.

तेव्हा थोरले, लेबलचा फोटो मी पाठवत नाही. हवं तर हे पत्र वर्गात वाच आणि पुडक्याची मागची बाजू आधी वाचायला सांग.

पोळपाट तिने मागितला नाही, मी परत केला नाही. या थंडीत मी एकटीने त्याच्यावर अर्धा किलो खरं चॉकलेट निववलं. उलथनं आणि थर्मामीटर एकाच माणसाला सांभाळवत नाहीत, त्यामुळे काही वड्यांवर पांढुरके डाग आहेत. जूनमध्ये त्यांचा डबा तुमच्याकडे येईल, पानाशिवाय. चमचे काढून ठेवा. पोळपाट शाबूत आहे, कुठेही तडा नाही.