चित्रातली मोलकरीण

माळ्यावरचे जुने दिवाळी अंक पुसताना एका विनोदी अंकात सिनेमाची टिंगल करणारी चित्रं दिसली. तो सिनेमा मी पाहिलाय. हिरोचं बाकदार नाक, हिरॉइनच्या गालावरचा तीळ, सगळं हुबेहूब होतं. मोलकरणीला मात्र ते काम करणाऱ्या नटीचा चेहराच दिला नव्हता. नुसते पुढे आलेले दात आणि पदराखाली चोरलेला साखरेचा डबा. सिनेमात ती बाई चोरी करत नाही, मालकांचं तापानं फणफणलेलं मूल रात्रभर मांडीवर घेऊन बसते. चेहरा कुणाला द्यायचा आणि नुसते दात कुणाला, हे कोण ठरवतं?

मी अकरा वर्षं ज्यांच्याकडे काम करते त्या वहिनी वाकून बघत म्हणाल्या, "मंदा, तुझाच फोटो आलाय गं." मला वाचता येत नाही असं समजून त्यांनी चित्राखालची ओळही मोठ्यानं वाचून दाखवली. ती मी आधीच वाचली होती.

"अगं, विनोद आहे तो. हस की."

मी हसले. तुमच्या लेकाच्या तापात मी किती वेळा जागले, हे ओठांवर आलं होतं, ते गिळलं. तो चित्रकार मला ओळखत नव्हता. वहिनी ओळखतात.