दादांचा आलेख

टेपमास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. डोकी मात्र पाठ. बाजारात कुणी हटकलं की हे बावळटासारखे बघत राहायचे आणि तो बिचारा हिरमुसून वळला की मागून ओरडायचे, "अहो, तुम्ही छत्तीसचे ना?" छत्तीस म्हणजे नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचे सेंटिमीटर. त्यांच्या बायकोचं म्हणणं, पहिल्या भेटीत आपला भरघोस अंबाडा बघून गृहस्थाने सुस्कारा सोडला. ती समजली प्रेम. हे विचार करत होते, यातून टेप घालायची कुठून!

सव्वीस वर्षं इस्पितळाच्या तळमजल्यावर त्यांचं हेच चाललं होतं. डोकं मोजायचं, लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, खुणेखुणेवर पेस्ट लावून तारेची चकती चिकटवायची आणि मेंदूतली वीज पडद्यावर उतरवायची. "डोळे मिटा, पण घोरू नका," ते रोग्यांना बजावत. "मिटले की मागच्या भागात सेकंदाला दहाएक लाटा येतात, देखण्या. उघडले की पळतात. झोपलात तर मोठ्या आणि संथ होतात. आणि दात खाऊ नका, मला जबड्याचा आलेख नकोय!"

शिडीवरून पडलेले त्यांचे थोरले भाऊ, दादा, आठ दिवस श्वासाच्या यंत्रावर होते. बाकीच्या तपासण्यांनी आशा ठेवली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी वहिनींना स्पष्टच सांगितलं, "अर्धा तास आलेख सपाट राहिला तर यंत्र काढू. मेंदूची एक जरी लाट दिसली तर थांबू." मग मास्तरांकडे वळून त्या म्हणाल्या, "बाहेरून दुसरं कुणी बोलावू का?"

"दादांचं डोकं दुसरं कुणी मोजणार नाही," मास्तर म्हणाले.

त्यांनी मोजलं, चकत्या लावल्या आणि बारीकशी लाटही मोठी दिसावी म्हणून आलेखाच्या यंत्राचं बटण शेवटच्या टोकाला नेलं. पडद्यावर रेघांमागून रेघा आडव्या पडल्या. डाव्या कानशिलाची तेवढी एक रेघ हळूच उठली, बसली, पुन्हा उठली.

"भावजी! हलतंय हो!" वहिनी दादांच्या पायाला बिलगल्या. "मी म्हणत होते ना? एवढ्यात जायचे नाहीत हे!"

दुसऱ्या कुणाचं डोकं असतं तर मास्तरांनी बघताक्षणी नाक मुरडलं असतं. चकती नेमकी शिरेवर बसली होती. उडत होती ती नाडी. खालच्याच रेघेत हृदयाचे ठोके उमटत होते आणि ठोक्यागणिक लाट येत होती. मास्तरांनी ताडून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग सहा मिनिटं ते नुसते बसून राहिले. गप्प राहिलं तर वहिनींना आणखी चार दिवस मिळाले असते. त्यांना स्वतःलाही मिळाले असते.

डॉक्टरीणबाई आत आल्या. "मास्तर, ही लाट कसली?"

मास्तर उठले. मोजल्या जागेवरून चकती हलवणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. ती त्यांनी दोन बोटं सरकवली. रेघ आडवी झाली.

"काय केलंत हे!" वहिनी ओरडल्या. "चाललं होतं ना ते! परत लावा तिथं!"

त्यांनी परत लावली. लाट परत आली. मग वहिनींचं बोट धरून त्यांनी चकतीशेजारी टेकवलं. "कळतंय का उडताना? आता पडद्याकडे बघा."

वहिनी बघत राहिल्या. बोटाखाली आणि पडद्यावर एकदमच उडत होतं.

"म्हणजे हे..."

"रक्त आहे, वहिनी. यंत्र छातीत हवा भरतंय म्हणून हृदय चाललंय. आतलं काही नाही."

चकती पुन्हा सरकवून त्यांनी अर्धा तास पहिल्यापासून मोजायला घेतला. नियमच तसा. वहिनींनी बोट काढलं नाही. त्यांचा हात थरथरला की रेघ हलायची. एरवी रोग्याच्या खाटेला हात लावणाऱ्या नातेवाइकावर मास्तर खेकसले असते. आज प्रत्येक थरथरीखाली ते लिहीत गेले: 'पत्नीचा हात'. चौथ्या नोंदीनंतर वहिनींनी स्वतःच हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळून ठेवला.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात लिहिण्यासारखं काहीच आलं नाही. मास्तरांनी खाली वेळ घातली आणि सहीसाठी आलेख डॉक्टरीणबाईंपुढे सरकवला.