बंद दारापाशी मंदारची पाळी

मंडळी, आज काय झालं ते ऐका.

दुपारी अकोट्याला आम्ही फासे टाकून गोष्ट रचायचा आमचा खेळ मांडला होता. आमच्यातला मंदार गेल्या वर्षी अपघातात गेला. त्याचं पात्र आम्ही खेळाच्या ॲपमध्ये तसंच ठेवलंय. आज गोष्टीत बंद दार आलं आणि मंदारच्या नावाने पडद्यावर उमटलं, "अल्या, थांबा. आधी कान लावतो."

प्रत्येक दारापाशी तो हेच लिहायचा, 'अरे'ऐवजी त्या गुजराती 'अल्या'सकट.

म्हणे ॲपच्या कंपनीची नवी सोय! गैरहजर खेळाडूची पाळी ॲपच खेळतं, आमचं जुनं बोलणं वाचून. कोणाला विचारलं यांनी? संतापून मी ते बंद करायला गेलो.

शेजारीच खेळायला बसलेल्या मंदारच्या बहिणीने माझा हात धरला. "थांब ना. त्याला आत काय ऐकू आलं, ते तर कळू दे."

तुम्ही बंद केलं असतं?