मामांचं नाक

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात कचोरी होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मामांबद्दल लिहायचं आणि खाण्याचं लपवायचं, हे त्यांनाच पटलं नसतं. फोन मामेभावाचा, प्रमोदचा. "दादा, बाबा गेले," एवढंच बोलला. मी उरलेली कचोरी कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकली आणि स्कूटर काढली. सावंगीच्या दवाखान्याच्या पायऱ्यांशी पोचेस्तोवर खिशावर तेलाचा मोठा डाग उमटला होता. त्या डागाकडे बघून मला पहिल्यांदा रडू आलं. मामा असते तर त्यांनी डागाला बोट लावून ते नाकाशी नेलं असतं आणि विचारलं असतं, "पाम तेल आहे. कुठून घेतली?"

आदल्याच दिवशी त्यांना भेटलो होतो. खाटेशेजारच्या टेबलावर कँटीनची खिचडी झाकलेली होती. तिला त्यांनी हात लावला नव्हता. नर्सताईनं दोनदा समजावलं, मी समजावलं. "कोणाच्या हातची आहे, माहीत नाई," म्हणून मामांनी मान फिरवली. दुपारी सून वैशाली नालवाडीहून डबा घेऊन आली. तिनं झाकण काढलं. मामा कोपरावर जरा उठले, डबा जवळ ओढला, त्यावर तोंड नेलं, लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "हं." मग मऊ भात नि वरण सावकाश खाल्लं. ऑक्सिजनची नळी नाकात आणि नाक डब्यात. मला हसू आवरेना. म्हटलं, हा माणूस यमाच्या दारात गेला तरी आधी मागच्या अंगाला जाऊन सांडपाणी बघून येईल.

हे संशयी नाक कुठून आलं, तर भाजीच्या मळ्यातून. आमचं आजोळ भाजी पिकवणाऱ्यांचं. मामा उमेदीत रोज पहाटे टोपल्या घेऊन वर्ध्याच्या बाजारात यायचे. टोपली कशी भरतात हे त्यांना ठाऊक होतं. टवटवीत वांगी वर, डागाळलेली तळाशी, आणि सगळ्यावर पाण्याचा शिपका. लोकांना वाटायचं, मामा दुसऱ्यावर उगीच संशय घेतात. मामांचं म्हणणं असं की ते फक्त स्वतःवरून अंदाज बांधतात. "मी सोता जन्मभर चांगलं वांगं वर ठेवलं आहे. मले नको शिकवू," असं म्हणायचे आणि समोरच्या ताटातली भाजी चमच्यानं खालून वर उकरायचे.

माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हाही सोबत मामाच होते. पोह्यांच्या बशा आल्या. मामांनी बशी नाकाशी नेली आणि भर बैठकीत सांगितलं की शेंगदाणे मागच्या हंगामाचे आहेत. सासऱ्यांचा चेहरा पडला. लग्न तरीही झालं. शेंगदाणे खरंच जुने निघाले, हे माझ्या बायकोनं पुढे कबूल केलं, पण माफ काही केलं नाही. आजही मी भाजी जरा हुंगली की ती म्हणते, "आले मामा."

थकल्यावर मामा नालवाडीत प्रमोदनं बांधलेल्या घरी राहायला आले. मीही त्याच लेआउटमध्ये, दोन गल्ल्या सोडून. शांत वस्ती. दुपारी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, संध्याकाळी शतपावली करणाऱ्यांच्या चपला. मेडिकलची पोरं आणि बदलीवर आलेले नोकरदार भाड्यानं राहतात, आणि त्यांना पहिला प्रश्न पडतो की इथे खायचं कुठं. जागा मोजक्याच. खुल्या प्लॉटजवळ मंदाताईचा पोह्यांचा ठेला. एका घराच्या गॅरेजमधली मेस. हायवेकडे जाताना निळ्या दिव्यांचं एक फॅमिली रेस्टॉरंट, ज्यात कुठलीही फॅमिली शिरताना मी पाहिलेली नाही. नवा भाडेकरू आला की कोणीतरी त्याला मामांच्या फाटकाशी आणून उभं करायचं. मामा खुर्ची पुढे ओढून सांगत, हॉटेल समोरून पाहायचं नसते, मागून पाहायचं. भांडी कुठं घासतात, कढईतलं तेल काळं आहे का, कुत्रं तिथं बसते का निघून जाते. एवढं ऐकल्यावर तो बिचारा भाडेकरू बहुधा घरीच मॅगी करून खात असावा.

या सगळ्याची झळ सर्वांत जास्त लागली वैशालीला. ती हिंगणघाटची. घरी ब्लाउज शिवते, हात चपळ, बोलणं त्याहून चपळ. मामी होत्या तोवर स्वयंपाकघर त्यांचं होतं. त्या गेल्यावर ते हिच्याकडे आलं, आणि त्यासोबत मामांचं नाकही आलं. मामा ताटावर बसले की तिनं पातेलं समोर आणायचं आणि झाकण उचलायचं. मामा पुढे वाकणार, हुंगणार, "हं" म्हणणार. मग वाढायचं. त्या हुंकारापुढे कधी शब्द आला नाही. बरं नाही, वाईट नाही, थोडं अजून वाढ नाही. "रोज परीक्षा आणि निकाल कधी लागतच नाई," असं वैशाली मला हसत सांगायची, पण झाकण उचलताना तिचा श्वास अडकलेला मी स्वतः पाहिला आहे.

दोनेक वर्षांपूर्वी मामांना जोराचा ताप आला. ताप उतरला तसं त्यांचं जेवण कमी झालं. हुंगणं चालू, "हं" चालू, पण पोळी अर्धीच. शिवाय रोज संध्याकाळी पायी फिरायला जाऊ लागले आणि सोबत कोणाला घेईनात. एका रविवारी वैशालीनं मला बोलावून घेतलं. चहा दिला, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, मामाजी बाहेर खाऊन राह्यले."

मला हसू आलं. जो माणूस दुसऱ्याच्या लग्नात केळ्याशिवाय काही खात नाही, तो बाहेर खाईल? पण तिच्याकडे पुरावे होते. घरी आले की शर्टाला फोडणीचा वास येतो. विचारलं तर "असाच फिरून आलो." आणि मग तिनं गॅसची एक गोष्ट सांगितली. दूध उतू जाऊन शेगडी विझली, बटन सुरूच राहिलं. ती शेजारी ब्लाउज द्यायला गेली होती. परतली तर फाटकापर्यंत गॅसचा वास, आणि मामा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून शांतपणे पेपर वाचत बसलेले. "वर्षापूर्वीच्या शेंगदाण्याचा वास येते त्यायले, अन् गॅसचा नाई येत? मले दाखवाचं होतं त्यायले, का ही कशी बेफिकीर आहे." तिचा आवाज फाटला. "त्यायले माह्या हातचं पटत नाई, भाऊजी. तोंडानं सांगत नाई, एवढंच."

तपास माझ्याकडे आला. घरात एखादं अवघड काम निघालं की ते माझ्याकडे येतं, कारण मी नाही म्हणत नाही आणि ते बिघडलं तरी कोणाला नवल वाटत नाही. मी मामांच्या मागे निघालो. ते वळले की मी थांबायचो. ठेल्यापाशी पोचल्यावर मी विजेच्या डीपीमागे उभा राहिलो. ती डीपी माझ्या देहाला पुरत नव्हती, पण मामांची पाठ होती. मामा बाकावर बसलेले. मंदाताईनं पोह्यांची प्लेट दिली, वर लालभडक चण्याची तर्री. मामांनी प्लेट दोन्ही हातांनी तोंडाशी नेली आणि मान खाली घातली. पुढे पाहायची माझी हिंमत झाली नाही. उगीच वाटलं, देवळात कोणी डोळे मिटून बसलं आहे आणि आपण चपला चोरायला आलो आहोत.

मी घरी येऊन सांगितलं की हो, मंदाताईच्या ठेल्यावर पोहे. दुसऱ्या दिवशी वैशालीनं सांबारवडी केली. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर; ढीगभर निवडायची, धुवायची, सुकवायची, बारीक चिरायची, पारी लाटून एकेक वडी भरायची. दिवस जातो. मामांनी झाकणाखाली नाक नेलं, "हं" म्हणाले, एक वडी खाल्ली आणि उठले. तिनं त्यांना कधीच विचारलं नाही. मामांनीही कधीच सांगितलं नाही. दोघं एका घरात, रोज समोरासमोर, मध्ये एक पातेलं... असे दिवस गेले, आणि मग सावंगीचा दवाखाना.

तेरवीला वैशालीनं सगळं मामांच्या आवडीचं केलं. पण कढी ढवळता ढवळता मला म्हणाली, "पोहे नाई केले, भाऊजी. ते माह्या हातचे त्यायले नसते चालले." आजूबाजूला पाहुणे होते. मी पत्रावळी मोजायच्या निमित्तानं बाहेर आलो.

त्यानंतर आठवडाभरानं मी मंदाताईकडे पोहे खायला थांबलो. दुःखात माझी भूक वाढते, हा माझा जुना आजार. मंदाताई कढईतला सराटा थांबवून म्हणाली, "काकाजी गेले म्हणतात... माह्या पोह्याचा एक घास न खाता गेले." माझा चमचा तिथंच थांबला. मी विचारलं, एक घास म्हणजे?

तिनं सांगितलं ते असं. मामा प्लेट घ्यायचे, वाफेवर नाक धरायचे, पोहे थंड होईस्तोवर तसेच बसायचे. मग पैसे देऊन प्लेट तशीच परत. ठेल्याशी एक गाय यायची, तिचं पोट भरायचं. सुरुवातीला मंदाताई घाबरली. हा माणूस काहीतरी खोट काढणार, लेआउटभर सांगणार, आपला धंदा बसणार. पण बोलणं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मग एकदा गिऱ्हाइकांच्या गर्दीत तिचे पोहे खाली लागले. करपल्याचा वास रस्त्यापलीकडे गेला, लोक नाक दाबून हसू लागले. मामा वाफेवरून मान वर करून म्हणाले, आज वास चांगला सुटला असंल, नाई?

गर्दी पांगल्यावर मंदाताई त्यांच्याशेजारी बाकावर बसली आणि सरळ विचारलं. मामांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. तापात वास गेला तो आलाच नाही, म्हणाले. तर्री सगळ्यांत तिखट, कधी आला तर इथंच आधी येईल, म्हणून येतो.

"मी म्हटलं, काकाजी, घरी सांगा ना, डॉक्टरले दाखवा. तं म्हणे, घरी नको बोलजो. मी हं म्हटलं का सुनेचा चेहरा खुलते. त्याच्यात खोट नाई पाडायची." मंदाताईनं पदरानं हात पुसले. "मी म्हटलं, बरं, मग इथं दोन घास खाऊन तं पाहा. तं म्हणे, वास घेतल्याबिगर मी बाहेरचं खात नाई. मी म्हटलं, मग घरी कसे जेवता? तं म्हणे... घरी काय, घरी वैशाली आहे."

मी पोहे तसेच ठेवून उठलो. त्या दिवशी गाईला माझीही प्लेट मिळाली.

वैशाली मशीनवर बसली होती. मी सगळं सांगितलं, शब्द न गाळता. तिनं मशीन थांबवलं नाही. मग थांबवलं. माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत मला थेट मामा दिसले. "भाऊजी, मले बरं वाटावं म्हणून रचून राह्यले ना?"

मी शपथ घेतली. माझ्या शपथेवर आमच्या घरात कोणी विश्वास ठेवत नाही. तिनं चपला घातल्या आणि निघाली. मी मागे. ठेल्यापाशी पोचल्यावर ती समोर गेलीच नाही. आधी मागच्या अंगाला गेली. भांडी घासायची बादली पाहिली, तेलाचा डबा पाहिला, कढई पाहिली. मग समोर येऊन बाकावर बसली आणि मंदाताईला म्हणाली, मामाजी काय म्हणाले ते पहिल्यापासून सांगा. मंदाताईनं सांगितलं. शब्द तेच होते.

परत येताना गल्लीच्या वळणावर ती एकदम थांबली. "गॅस..." म्हणाली. आणखी चार पावलांवर, "दवाखान्यात नळी होती नाकात. अन् मी डबा धरून उभी होती." मग पुन्हा चालू लागली. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "काहीच कळत नव्हतं त्यायले, भाऊजी. खारट झालं काय, जळलं काय, शिळं आहे काय. मी काहीबी वाढलं असतं तं खाल्लं असतं." आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

परवा प्रमोदनं जेवायला बोलावलं. वांग्याची भाजी होती. मामांची खुर्ची भिंतीशी सरकवलेली, बाकी सगळं तसंच. वैशालीनं पातेलं आणून ठेवलं, झाकण उचललं आणि ते हातात धरून थांबली. पातेलं जरा त्या खुर्चीच्या बाजूला झुकलेलं. वाफ वर जात राहिली. प्रमोद म्हणाला, "अवं, वाढ ना, थंडं होऊन राह्यलं." तिनं वाढलं. माझी मान सवयीनं ताटावर वाकली होती. मी ती सरळ केली आणि न हुंगता पहिला घास घेतला.