टायर पारखणारी थोर मंडळी

टायरवाल्याच्या शेजारी दुकान थाटलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपल्या पायानं चालत येतात. माझं दुकान स्पेअर पार्टचं, शाहूपुरीत. भिंतीला भिंत लावून इस्माईलभाईंचं टायरचं. सत्तरच्या आसपास कोल्हापुरात मोटारी मोजक्याच होत्या. पण एका मोटारीमागं टायरमधले चार तज्ज्ञ!

आमचे एक वकील. नव्या टायरला अंगठ्याचं नख रुतवायचे, नाकाजवळ नेऊन वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे, "रबर कच्चं हाय." अहो, टायर घेताय का हापूस आंबा? एकदा इस्माईलभाईंनी तोच टायर आत नेला, फडक्यानं पुसला आणि परत आणला. "ह्याला म्हणत्यात टायर!" वकीलसाहेब खूश. असल्या माणसाच्या हातात लोकांच्या केसेस!

एका डॉक्टरांची तऱ्हा वेगळीच. डॅशबोर्डवर पाण्याचा भरलेला पेला ठेवून कागलपर्यंत जायचे. पाणी सांडलं की टायर नापास. एकदा तावातावानं आले, "अर्धा पेला सांडला, इस्माईल!" पाइपलाइनसाठी अख्खा रस्ता उकरून ठेवला होता, ते राहिलं बाजूलाच!

एक गुळाचे व्यापारी यायचे. "गाडी डावीकडं ओढतीया. बाद हाय तुझा टायर." इस्माईलभाईंनी वाकून आत बघितलं. डाव्या सीटवर मालकांचा धाकटा भाऊ, तालमीतला पैलवान, ऐसपैस बसलेला. "मालक, टायर बदलू का भाऊ?" हसला तो एकटा भाऊच.

पण कळस केला तो सरकारांनी! सरकार म्हणजे बडे बागायतदार. सगळा गाव त्यांना वाकून असायचा. इस्माईलभाईंचा धंदा तेव्हा बसत चालला होता. एका नव्या कंपनीची एजन्सी मिळाली तरच दुकान तगणार होतं. कंपनीचे साहेब पुण्याहून आले आणि म्हणाले, "इथल्या एखाद्या मातब्बर गिऱ्हाइकाचं मत ऐकतो, मगच सही करतो."

सरकारांची गाडी दारात लागली. तिला बसवायचे त्या कंपनीचे चार नवे टायर दुकानात रचलेले होते. साहेब त्याच थप्पीवर चहा पीत बसले. सरकार माझ्याकडं गप्पा मारायला आले. इस्माईलभाई जॅक आणायला मागं गेले, तेवढ्यात सरकार उठले, टायर बसवून झाले असं समजून गाडीत बसले आणि निघाले मलकापूरच्या रस्त्यानं!

तासाभरानं परत आले ते गरजतच. "वा रे टायर! वळणावर गाडी रस्ता सोडत न्हाय. स्टेरिंग तर लोण्यागत! जुनं म्हंजे नुसती लाकडं हुती की!"

साहेबांनी खूश होऊन कागद काढले. इस्माईलभाईंचा चेहरा पांढराफटक. पण खोटं त्यांना कधी जमलंच नाही. हात जोडून म्हणाले, "सरकार, नवं टायर ह्ये हायत, साहेब बसलेत त्यांच्यावर. तुमच्या गाडीला अजून जुनंच हायत."

गेली एजन्सी, मी मनात म्हटलं.

सरकारांनी मिशीवरून सावकाश हात फिरवला.

"बघा साहेब! नुसतं दुकानात आलं तर गाडी येवढी सुधारली. बसवल्यावर काय हुईल!"

साहेबांनी मान डोलावली आणि सही केली.